सेनियो नदीची लढाई (९ एप्रिल १९४५)

दुसऱ्या महायुद्धाच्या अगदी शेवटी, उत्तर इटलीत, ब्रिटिशांच्या आठव्या सेनेने सेनियो नदीवरची जर्मन फळी फोडली. हल्ल्याच्या तोंडावर न्यूझीलंडची दुसरी आणि हिंदुस्थानची आठवी डिव्हिजन, म्हणजे हजारो सैनिकांचे मोठे सैन्यदल, होती. महाराष्ट्रात ही नदी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ती बहुधा एकाच माणसामुळे ठाऊक आहे: पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीतले शिपाई नामदेव जाधव. त्यांना इथल्या कामगिरीसाठी व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे शौर्याचे सर्वोच्च पदक मिळाले.

सेनियो ॲपेनाइन डोंगरात उगम पावते आणि पुढे रेनो नदीला मिळते. मराठा पलटणीसमोर तिचे पात्र जेमतेम १५ फूट रुंद होते आणि पाणी ४ ते ५ फूट, म्हणजे आपल्याकडे ओढाच म्हटला असता. अडचण पाण्याची नव्हती, बांधांची होती. पूर शेतात शिरू नये म्हणून दोन्ही काठांना मातीचे बांध घातलेले. उंची ३० ते ३५ फूट आणि चढ जवळजवळ उभा. पात्राच्या रुंदीच्या दुप्पट उंचीच्या या भिंती जर्मनांनी आतून पोखरून काढल्या होत्या. खंदक, मशीनगनची ठाणी, आणि अलीकडच्या बांधाच्या आतल्या अंगाला सुरुंगांचा पट्टा. शेतकऱ्यासाठी बांधलेली गोष्ट सैनिकाच्या इतकी कामी यावी, असे उदाहरण विरळा.

आघाडी इथे हिवाळाभर अडून राहिली होती. ४ जून १९४४ रोजी रोम पडले, पण दोनच दिवसांनी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फौजा उतरल्या आणि जगाचे लक्ष इटलीवरून उडाले. इटलीतल्या काही डिव्हिजन फ्रान्सकडे गेल्या, १९४५च्या सुरुवातीला कॅनडाचे सैन्यही उत्तरेकडे गेले. तिथल्या तीन हिंदी डिव्हिजनांपैकी चौथी त्याआधीच ग्रीसला रवाना झाली होती. मागे उरलेल्यांचे मोठे काम म्हणजे जर्मन फौजा इटलीतच गुंतवून ठेवणे. आठवी डिव्हिजन सप्टेंबर १९४३ पासून इटलीत एकामागून एक नदी ओलांडत वर सरकत होती. एप्रिल उजाडला तेव्हा दोस्तांनी ऱ्हाइन पार केली होती, ब्रह्मदेशात मंडाले हाती आले होते. युद्ध संपणार हे सगळ्यांना दिसत होते. अशा वेळी ओढ्याएवढ्या नदीसाठी जिवावर उदार होणे सोपे नसते, आणि लढाईच्या अधिकृत वर्णनांत ही बाब सहसा येत नाही.

९ एप्रिलला दुपारी बॉम्बर विमाने आली. मग तोफा. तोफखाना मधूनच थांबे आणि पुन्हा सुरू होई, त्यामुळे खरा हल्ला कधी येणार याचा जर्मनांना अंदाज येईना. संध्याकाळी आग ओकणारी वाहने बांधाला भिडली आणि पायदळ सुटले.

जाधव आपल्या कंपनीचे, म्हणजे पलटणीतल्या एका तुकडीचे, रनर होते. टेलिफोनची तार तुटली, वायरलेस बंद पडला, की निरोप पायी पोचवणारा हा गडी; त्यामुळे तो कायम कंपनी कमांडरच्या पाठीशी असे. पाण्यातून पलीकडच्या काठाला लागताच निदान तीन ठाण्यांवरून त्यांच्या तुकडीवर मारा झाला. कमांडर आणि दोन जवान जखमी झाले, बाकीचे मेले. धडधाकट राहिले एकटे जाधव. त्यांनी एका जखमीला उचलून पाण्यातून, उभ्या चढावरून, सुरुंगांमधून सुखरूप जागी नेले. परत येऊन दुसऱ्याला नेले. रनरचे काम खरे तर इथेच संपले होते. ते तिसऱ्यांदा आले ते टॉमीगन, म्हणजे हातात धरायची छोटी मशीनगन, घेऊन, आणि सगळ्यात जवळचे ठाणे त्यांनी गप्प केले. हाताला गोळी लागून गन चालवता येईना, तेव्हा ती फेकून देऊन हातबॉम्ब घेतले. तेही संपले. मग सरपटत बांधाच्या माथ्यावर जाऊन मागच्या उतारावरच्या सोबत्यांकडून आणखी घेतले. अशी आणखी दोन ठाणी उडवून ते बांधावर उघड्यावर उभे राहिले आणि उखळी तोफांच्या माऱ्यात मराठ्यांची युद्धगर्जना देत उरलेल्यांना हात करून बोलावू लागले.

या एका शिपायामुळे त्या भागातला जर्मन प्रतिकारच अखेर कोसळला, असे पदकाच्या मानपत्रात सुचवले आहे. मानपत्रांना अशी सवय असते. त्याच संध्याकाळी फुसिन्यानोजवळ, याच नदीवर, फ्रंटियर फोर्स रायफल्सचे शिपाई अली हैदर यांनीही अशाच ठाण्यांवर एकट्याने चाल करून व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला; शिवाय तोफा, विमाने आणि न्यूझीलंडचे पायदळ होतेच. पण दोन कंपन्यांना बांध धरून ठेवता आला तो जाधवांमुळे, हे मानपत्रातले म्हणणे पटण्यासारखे आहे.

मराठा रेजिमेंटला या युद्धात मिळालेला हा दुसरा व्हिक्टोरिया क्रॉस. पहिला नाईक यशवंत घाडगे यांचा. माणगाव तालुक्यातले घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीतच, टायबरच्या वरच्या खोऱ्यात कामी आले. जाधव अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचे, तेव्हा वय २३. ते परतले, पुढे हवालदार झाले आणि १९८४ साली वारले.

सेनियोनंतर फळी सावरलीच नाही. २ मे १९४५ रोजी इटलीतल्या जर्मन सैन्याची शरणागती अमलात आली. नदीपासून फार लांब नसलेल्या फोर्ली शहरात हिंदी सैनिकांची दफनभूमी आहे, आणि ज्यांचे दहन झाले त्यांच्या नावांचे स्मारकही तिथेच आहे.