कोड म्हणजे कुलूप नव्हे: सीडीएमएपासून एफपीजीएपर्यंत

2002च्या डिसेंबरात रिलायन्सने सीडीएमए (प्रत्येक फोनला वेगळा कोड देणारं मोबाइल तंत्र) सेवेचं उद्घाटन केलं, त्या सुमारास ‘यावरचं बोलणं चोरून ऐकता येत नाही’ असा समज बराच रुळला होता. तो निराधार नव्हता, पण अर्धवट होता.

त्याचं मूळ युद्धकाळात आहे. अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाईल यांना 1942 साली एक अमेरिकी पेटंट मिळालं. टॉर्पेडोला सूचना देणाऱ्या रेडिओने 88 वारंवारितांवर उड्या मारत राहायचं, म्हणजे शत्रूला तो जॅम करता येणार नाही. नौदलाने ते तेव्हा बासनात ठेवलं, पण सिग्नल पसरवून लपवण्याचं तंत्र पुढे लष्करात मुरलं.

1985मध्ये स्थापन झालेल्या क्वालकॉम या अमेरिकी कंपनीने याच तंत्रातून अनेकांना एकाच पट्ट्यात बोलतं केलं. समजा, एकाचा कोड (+1, +1) आणि दुसऱ्याचा (+1, −1). आपापल्या कोडने गुणून पहिला ‘+1’ पाठवतो, दुसरा ‘−1’. हवेत बेरीज होते (0, 2). तिला पहिल्याच्या कोडने गुणून बेरीज घ्या, +2 येतात. दुसऱ्याच्या कोडने, −2. दोघांचे निरोप सुटे झाले! आयएस-95 या सीडीएमए मोबाइल प्रणालीत असे 64 कोड (वॉल्श कोड) होते आणि त्यांचा तक्ता कुणालाही उपलब्ध होता. म्हणजे ही वाटणी झाली, गुप्तता नव्हे.

गुप्ततेची भिस्त होती ‘लाँग कोड’वर. तो 42 टप्प्यांच्या शिफ्ट रजिस्टरमधून, म्हणजे बिट एकेक घर पुढे सरकवणाऱ्या सर्किटमधून, निघे आणि सुमारे 41 दिवसांनी पुन्हा तोच येई. ऐकायला भक्कम वाटतं. पण रचना रेषीय (प्रत्येक नवा बिट आधीच्या बिटांच्या नुसत्या बेरजेतून) असल्याने त्याचे सलग 42 बिट हाती लागले, की पुढचा कोड गणिताने काढता येतो.

योगायोग असा, की 1985 सालीच झायलिंक्स या चिप कंपनीची एक्ससी2064 ही पहिली व्यावसायिक एफपीजीए आली: कारखान्यातून बाहेर पडल्यावरही आतली जोडणी बदलता येणारी चिप. तिच्यात 64 लॉजिक ब्लॉक होते, प्रत्येकात एक बिट साठवणारा एक फ्लिप-फ्लॉप. ते 42 टप्प्यांचं रजिस्टर त्यांतही मावलं असतं. पुढे चिपा मोठ्या झाल्या आणि खरं एन्क्रिप्शन त्यांत बसू लागलं. एईएस ही एन्क्रिप्शनची पद्धत ठरवतानाच अंतिम फेरीतल्या अल्गोरिदमांची एफपीजीएवर तुलना झाली होती. 2001मध्ये ते अमेरिकी मानक झालं. तेव्हापासून निरोप पाठवण्याचा सरळ क्रम असा: आधी एईएस, मग चुका सुधारणारं कोडिंग, शेवटी प्रत्येकाचा पसरवणारा कोड. सगळं एकाच चिपवर.

हीच चिप हल्लेखोरालाही स्वस्तात मिळाली, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं. 2006मध्ये बोखुम आणि कील विद्यापीठांच्या संशोधकांनी 120 एफपीजीए जोडून कोपाकोबाना हे यंत्र बांधलं; एईएसच्या आधीच्या डीईएस या मानकाची 56 बिटांची किल्ली ते सरासरी नऊएक दिवसांत शोधून काढी. 2020मध्ये ‘स्टारब्लीड’ नावाच्या त्रुटीने तर झायलिंक्सच्या 7-सिरीज चिपांमधली एन्क्रिप्ट केलेली बिटस्ट्रीम, म्हणजे डिझाइनच, उघडून दाखवली. दोष थेट सिलिकॉनमध्ये असल्याने अपडेट देऊन भागत नाही. चिपच बदलावी लागते.