ऑफिस सॉफ्टवेअर बदलताय? आधी स्वतःच्या फाइली तपासा

ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ यांचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. प्रोग्रॅम चालू राहतात, पण सुरक्षेचे नवे अपडेट मिळत नाहीत. त्यामुळे ठाण्यात वागळे इस्टेटमधले कारखाने, नौपाड्यातली सीएंची ऑफिसे, घोडबंदर रोडवरच्या सोसायट्या, सगळीकडून एकच विचारणा होते: मायक्रोसॉफ्ट, मोफत मिळणारे लिब्रेऑफिस आणि गूगल यांपैकी वापरायला सोपे कोणते? आमच्या मते बटणे शोधण्याचा त्रास थोड्या दिवसांत संपतो. खरी परीक्षा होते ती फाइल बाहेर जाऊन परत येते तेव्हा.

हाताच्या सवयी

मायक्रोसॉफ्टमध्ये २००७ पासून रिबन, म्हणजे वरची बटणांची टॅबवार पट्टी, आहे. लिब्रेऑफिसमध्ये जुन्या पद्धतीचे मेनू दिसतात, म्हणून लोक बिचकतात. व्ह्यू मेनूत यूजर इंटरफेस उघडून 'टॅब्ड' निवडले की मांडणी बरीच ओळखीची होते. सेलमध्ये दुसरी ओळ हवी असेल तर एक्सेलमध्ये ऑल्ट-एंटर, पण कॅल्कमध्ये (लिब्रेऑफिसचे एक्सेल) कंट्रोल-एंटर दाबावे लागते. कॅल्कमध्ये सवयीने ऑल्ट-एंटर दाबले, तर निवडलेल्या सगळ्या सेलमध्ये तोच मजकूर भरला जातो. पार्टीचे पत्ते टाइप करताना हे हमखास घडते.

लिब्रेऑफिस फाइल स्वतःच्या ओडीएस आणि ओडीटी प्रकारात सेव्ह करते. टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरल इथे जाऊन 'ऑलवेज सेव्ह ॲज' एक्सेल आणि वर्डचे करून ठेवा. स्प्रेडशीट आणि टेक्स्ट डॉक्युमेंट, दोन्हींसाठी वेगवेगळे करावे लागते. दुसरे करायचे राहून जाते.

तारखा: इथे सर्वांत जास्त जपा

गूगल शीटचे लोकेल (कोणत्या देशाच्या पद्धतीने तारखा धरायच्या ते सेटिंग) युनायटेड स्टेट्स असेल, तर ०३/०४/२०२५ ही तारीख ३ एप्रिल न धरता ४ मार्च धरली जाते. म्हणजे एप्रिलचे बिल थेट मागच्या आर्थिक वर्षात जाते. २५/०४/२०२५ मात्र तारीख म्हणून ओळखलीच जात नाही. ती साधा मजकूर बनून सेलच्या डाव्या कडेला चिकटते. एकाच कॉलममध्ये काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे दिसल्या की समजा, गडबड आहे. फाइल, सेटिंग्ज, लोकेल इथे 'इंडिया' निवडा, तेही नोंदी सुरू करण्याआधी. नंतर बदलले तर आधीच चुकीच्या धरलेल्या तारखा दुरुस्त होत नाहीत.

लाखाचा स्वल्पविराम एक्सेल विंडोजच्या रीजन सेटिंगमधून घेते, तिथे 'इंग्लिश (इंडिया)' पुरते. त्यानंतर १२,३४,५६७ असेच दिसते.

मराठी मजकूर आणि फॉन्ट

जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमधल्या सोसायटीच्या नोटिसा युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरपद्धतीत, नसतात. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर किंवा गूगल डॉक्समध्ये त्या निरर्थक चिन्हांसारख्या दिसतात. हा दोष नव्या सॉफ्टवेअरचा नाही. कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या आणि नंतर रफार, जोडाक्षरे, पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा.

वर्ड आणि रायटर (लिब्रेऑफिसचे वर्ड) देवनागरीचा फॉन्ट व आकार इंग्रजीपासून वेगळा साठवतात. स्टाइलमध्ये आकार १४ केला तरी मराठी लहानच राहते, ते यामुळे. वर्डच्या फॉन्ट चौकटीत 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'चा आकारही बदला.

संगणकावर कॅलिब्री फॉन्ट नसेल तर लिब्रेऑफिस कार्लिटो फॉन्ट वापरते. त्यातल्या अक्षरांची रुंदी कॅलिब्रीइतकीच असल्यामुळे ओळी सहसा हलत नाहीत. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या नव्या ॲप्टोस फॉन्टचे मात्र तसे नाही. तो जुन्या संगणकांवर नसतो आणि एका पानाचे कोटेशन दुसऱ्या पानावर सरकते. लेटरहेड एरियलमध्ये बनवा आणि ग्राहकाला पीडीएफच पाठवा.

फॉर्म्युले, मॅक्रो, मेल मर्ज

एक्सलुकअप हा यादीतून नोंद शोधून आणणारा फॉर्म्युला एक्सेल २०२१, ३६५, गूगल शीट्स आणि लिब्रेऑफिस २४.८ पासून पुढे चालते. एक्सेल २०१९ मध्ये नाही. ऑफिसात मिश्र आवृत्त्या असतील तर त्याच कामासाठी जुनी इंडेक्स-मॅच जोडी वापरा.

एक्सेलचे व्हीबीए मॅक्रो (फाइलमधले छोटे प्रोग्रॅम) गूगल शीट्समध्ये चालत नाहीत, कॅल्कमध्ये अर्धवट चालतात. जीएसटीआर-९ या जीएसटीच्या वार्षिक रिटर्नचे ऑफलाइन टूल मॅक्रोवर बेतलेली एक्सेल फाइल आहे. त्यामुळे रिटर्न स्वतः भरत असाल तर निदान एका संगणकावर खरे एक्सेल ठेवाच, बाकीच्यांवर लिब्रेऑफिस चालेल.

सोसायटीत १२० फ्लॅटची मेंटेनन्स बिले काढायची तर वर्डमध्ये मेल मर्ज (एकाच नमुन्यात यादीतली नावे-रकमा आपोआप भरणे) सर्वांत सोपे. रायटरमध्येही होते, पण आधी शीट डेटा सोर्स म्हणून नोंदवावी लागते. साध्या गूगल डॉक्समध्ये ही सोयच नाही. याउलट सेक्रेटरी आणि खजिनदार एकाच वेळी एका शीटवर काम करणार असतील, तर गूगलइतके सुटसुटीत दुसरे काही नाही. फक्त ऑफलाइन वापर इंटरनेट असतानाच चालू करून ठेवा. मोफत खात्यातली १५ जीबी जागा जीमेल आणि फोटोंसह मिळून असते, हेही लक्षात घ्या.

तपासणीसाठी पाच फाइली निवडा: सर्वांत मोठी शीट, मॅक्रो असलेली एक, लेटरहेड, मराठी नोटीस, आणि बाहेरच्यांशी देवाणघेवाण होणारी एक. प्रत्येक फाइल नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, एक बदल करून सेव्ह करा, परत जुन्यात उघडा, बेरजा जुळतात का पाहा आणि प्रिंट प्रिव्ह्यू बघा. आमच्याकडे तपासून हवे असेल तर पेन ड्राइव्हवर प्रती आणा, मूळ फाइली नकोत.