खुनाच्या खटल्यातली भरपाई: बेळगाव भागातली पार्श्वभूमी

खुनाचा निकाल लागला की जन्मठेपेची बातमी छापून येते. मयताच्या घरच्यांना किती मिळालं, ते निकालपत्राच्या शेवटच्या परिच्छेदात शोधावं लागतं. तिथला आकडा लहान का असतो, याचं मूळ जुन्या कायद्यात आहे.

बेळगाव मुंबई राज्यात होतं तोवर सत्र न्यायालयाची अपिलं मुंबईला जात. 1 नोव्हेंबर 1956 नंतर ती बंगळूरला जाऊ लागली, 2008 पासून धारवाडला. कायदा मात्र तोच राहिला. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 545 आरोपीच्या दंडातूनच भरपाई देई. 1973 च्या संहितेत दंडाशिवायही भरपाई देऊ देणारं कलम 357(3) आलं, पण ते शिक्षेत दंड नसेल तेव्हाच लागू होतं. खुनात जन्मठेपेसोबत दंड होतोच, म्हणून प्रकरण दंडातूनच भरपाई देणाऱ्या 357(1) मध्येच अडकतं आणि दंडाची रक्कम हीच भरपाईची कमाल मर्यादा ठरते. खुनाच्या दंडाला कायद्यात ठरावीक कमाल रक्कम नाही. पण वाढवून मागणारं कुणी नसतं. शिवाय अपील केलं तर त्याचा निकाल लागेपर्यंत दंडातला पैसा वाटता येत नाही.

31 डिसेंबर 2009 पासून 357अ लागू झालं आणि पैसा सरकारी निधीतून मिळण्याची वाट उघडली. कर्नाटकाची योजना 2011 ची. आरोपी सुटला तरी न्यायालय भरपाईची शिफारस करू शकतं, आणि तो सापडलाच नाही व खटला झाला नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे थेट अर्ज करता येतो; दोन्हीत प्राधिकरणाने चौकशी दोन महिन्यांत संपवायची असते. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंकुश गायकवाड प्रकरणात बजावलं, की भरपाईचा विचार प्रत्येक खटल्यात झालाच पाहिजे, द्यायची नसेल तर कारणं लिहा. 1 जुलै 2024 पासून हीच कलमं (357 आणि 357अ) नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 395 आणि 396 आहेत.

खरी अडचण पुराव्याची. पोलीस पंचनामा, जप्ती, शवविच्छेदन अहवाल जमवतात, पण मयत कमावत किती होता याचा कागद दोषारोपपत्रात सहसा नसतोच. तो घरच्यांनीच सरकारी वकिलाकडे पोचवावा: कारखान्याचं ऊसबिल, डेअरीच्या पावत्या, निपाणीकडच्या विडी कामगार बाईचं पीएफ पासबुक, नाडकचेरीचा (कर्नाटकातलं स्थानिक महसूल कार्यालय) उत्पन्नाचा दाखला आणि वंशवृक्ष. निकालाच्या दिवशी आणलेला कागद उशिराचा असतो, शिक्षेवरच्या सुनावणीआधीच तो द्यावा. मराठीतली साक्ष कन्नडमध्ये टिपली गेली, तर ती मराठीत वाचून समजावून घेण्याचा साक्षीदाराला हक्क आहे. चूक दिसली तर सही करण्याआधी तिथेच सांगावं, न्यायाधीश त्याची नोंद करतात.

दंडातल्या रकमेचे हक्कदार 1855 च्या प्राणांतिक अपघात कायद्यानुसार ठरतात: पती किंवा पत्नी, आईवडील, मुलं, त्यात आजीआजोबा आणि नातवंडंही येतात, भाऊ मात्र येत नाही. याच कायद्याखाली दिवाणी दावाही लावता येतो आणि आधी मिळालेली रक्कम त्यात धरली जाते. दाव्याची मुदत मृत्यूपासून 2 वर्षं. फौजदारी निकालाची वाट पाहत बसलं, तर ती निघून जाते.