जीन हॅकमन : चाळिशीत उजाडलेली कारकीर्द

फेब्रुवारी २०२५ मध्ये हॉलिवूडचा अभिनेता जीन हॅकमन आणि त्याची पत्नी बेट्सी अराकावा न्यू मेक्सिकोतल्या सांता फे इथल्या राहत्या घरी मृतावस्थेत सापडले. हॅकमन ९५ वर्षांचा होता. पुढचे कित्येक दिवस बातम्या आल्या त्या त्या घराच्या, तपासाच्या आणि वैद्यकीय अहवालांच्या. या गदारोळात त्याचं काम मागे पडलं, याचं वाईट वाटतं. अमेरिकी सिनेमाचा नायक कसा दिसावा याची ठरलेली कल्पना ज्या मोजक्या नटांनी मोडीत काढली, त्यांत तो अगदी पुढच्या रांगेत होता.

जन्म ३० जानेवारी १९३०, कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोचा. बालपण मात्र इलिनॉयमधल्या डॅनव्हिल गावात गेलं. वडील तिथल्या वर्तमानपत्राच्या छापखान्यात कामाला होते. जीन तेरा वर्षांचा असताना ते घर सोडून गेले. मुलगा रस्त्यावर खेळत होता, वडिलांनी जाता जाता गाडीतून नुसता हात हलवला, आणि गेले. सत्तरी ओलांडल्यावर एका मुलाखतीत हे सांगताना हॅकमनला भरून आलं होतं. एवढ्याशा हालचालीत किती काही असू शकतं हे आपल्याला तेव्हा उमगलं नव्हतं, कदाचित त्यामुळेच आपण नट झालो असू, असं तो म्हणाला होता. त्याच्या भूमिका पाहिल्या की हे पटतं. तो कधी हातवारे करून भावना दाखवत नाही. एखादं अर्धवट हसू, मधेच तुटलेली नजर, बस्स.

सोळाव्या वर्षी वय वाढवून सांगून तो मरीन दलात भरती झाला. चीन, हवाई, जपान असं फिरत साडेचार वर्षं काढली. पुढे पॅसाडेना प्लेहाउस या नाट्यशाळेत दाखल झाला तेव्हा पंचविशी उलटून गेली होती. तिथे त्याची गट्टी जमली पुढे स्वतःही मोठा नट झालेल्या डस्टिन हॉफमनशी. ‘यशस्वी होण्याची शक्यता सगळ्यांत कमी’ म्हणून वर्गाने निवडले ते नेमके हे दोघे! मग न्यूयॉर्क. तिथे सामान वाहणं, चपला विकणं, टाइम्स स्क्वेअरमधल्या हॉटेलबाहेर गणवेश घालून दरवान म्हणून उभं राहणं. तिथे उभा असताना जुन्या ओळखीच्या एका वरिष्ठाने त्याला हिणवलं, ही हकीकत तो पुढे सांगत असे.

दहा वर्षं आधी जन्मला असता तर हा चेहरा हॉलिवूडमध्ये दुय्यम भूमिकांतच संपला असता. विरळ केस, जाड नाक, कारखान्यातल्या मुकादमासारखी अंगकाठी. पण १९४८ च्या न्यायालयीन निकालाने बड्या स्टुडिओंच्या हातून चित्रपटगृहं सुटली होती, टीव्हीने प्रेक्षक पळवला होता, आणि १९३४ पासून काटेकोर राबवलेली सेन्सॉर संहिता साठच्या दशकात खिळखिळी होऊन १९६८ मध्ये गेलीच. नव्या दिग्दर्शकांना रस्त्यावरची माणसं पडद्यावर हवी होती. ‘लिलिथ’ (१९६४) मधल्या छोट्याशा भूमिकेत नायक वॉरन बीटीने त्याला जवळून पाहिलं होतं. ‘बॉनी अँड क्लाइड’ (१९६७) ची निर्मिती करताना त्याने क्लाइडच्या थोरल्या भावाची भूमिका हॅकमनला दिली. त्यासाठी ऑस्करचं नामांकन मिळालं. त्याच वर्षी ‘द ग्रॅज्युएट’च्या तालमींतून मात्र त्याला काढून टाकलं होतं.

‘द फ्रेंच कनेक्शन’ (१९७१) साठी तो दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिनची पहिली पसंती नव्हता. जिमी ब्रेस्लिन या पत्रकाराला घेऊनही चाचपणी झाली होती. पॉपाय डॉयल या वर्णद्वेषी, हट्टी पोलिसाची भाषा आणि मारहाण हॅकमनलाच सोसेना, सुरुवातीला त्याने सोडून जाण्याचीही तयारी केली होती. गाडीचा तो पाठलाग सगळ्यांना आठवतो. मला त्याहून मोठं वाटतं ते दुसरं दृश्य: फ्रेंच तस्कर उबदार रेस्तराँमध्ये निवांत जेवतोय, आणि समोरच्या फुटपाथवर डॉयल थंडीत पाय आपटत पिझ्झ्याचा तुकडा चावतोय. हातातली कॉफी इतकी वाईट की तो ती ओतून टाकतो. श्रीमंतांविषयीचा सगळा संताप एका संवादाशिवाय कळतो. या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं तेव्हा त्याने बेचाळिशी गाठली होती.

तीनच वर्षांनी फ्रान्सिस फोर्ड कोपोलाचा ‘द कन्व्हर्सेशन’ आला आणि त्या चित्रपटाला कान चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्यातला हॅरी कॉल लोकांचं बोलणं चोरून ध्वनिमुद्रित करतो आणि स्वतः मात्र कुणाला घरचा फोन नंबर सांगत नाही. पारदर्शक रेनकोट, जाड चष्मा, एकट्याने वाजवायचा सॅक्सोफोन. डॉयल जितका बाहेर ओसंडतो, तितका हा आत मिटलेला. दोघे एकाच नटाने केले आहेत यावर आजही विश्वास बसत नाही. चोरून ऐकण्या-टिपण्याच्या वॉटरगेट प्रकरणात अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी राजीनामा दिला त्याच वर्षी हे चित्र पडद्यावर आलं, पण पटकथा त्याच्या कितीतरी आधीची होती.

नंतरच्या काळात ‘सुपरमॅन’चा खलनायक, ‘हूझियर्स’चा बास्केटबॉल प्रशिक्षक, ‘मिसिसिपी बर्निंग’चा दक्षिणी वळणाचा तपास अधिकारी अशी कामं येत राहिली, काही चित्रपट सुमारही होते. ‘अनफरगिव्हन’ (१९९२) त्याने हिंसेला कंटाळून आधी नाकारला होता, दिग्दर्शक क्लिंट ईस्टवुडने मन वळवलं. त्यातला शेरीफ लिट्ल बिल स्वतःच्या हाताने घर बांधतो आणि त्याचं छप्पर गळतं. आपण न्यायाने वागतोय अशी त्याची पक्की खात्री आहे, म्हणून तो जास्त भीतिदायक. दुसरं ऑस्कर त्याचंच.

२००४ च्या ‘वेलकम टू मूसपोर्ट’नंतर त्याने काम थांबवलं. हृदयाच्या तपासणीनंतर डॉक्टरांनी ताण टाळायला सांगितलं होतं. डॅनियल लेनिहन या पाण्याखालच्या पुरातत्त्वाच्या अभ्यासकाबरोबर त्याची पहिली कादंबरी १९९९ मध्येच आली होती. पुढे त्याने एकट्यानेही लिहिलं. लेखनातला एकांत आवडतो आणि तिथे सगळं आपल्या हातात असतं, असं त्याने सांगितलं होतं.