परदेशी भागीदाराचे पैसे, तंत्रज्ञान करार आणि एफसी-जीपीआर: अर्ज नेमका कुठे अडतो

मागच्या वर्षी भोसरीच्या एका कारखानदारांचा फोन आला. "जर्मनीहून पैसे जमा झालेत, आता तुमचं ते रिझर्व्ह बँकेचं बघून टाका." पैसे कधी आले, विचारलं. बोटांवर मोजायला लागले. एक्कावन्न दिवस उलटून गेले होते.

हा लेख अशा लोकांसाठी आहे. एफसी-जीपीआर म्हणजे परदेशी गुंतवणूकदाराला शेअर दिल्याचं रिझर्व्ह बँकेला कळवायचा फॉर्म. तो ऑनलाइन आहे आणि हाताशी कागद असतील तर अर्ध्या दिवसात भरून होतो. माणसं रखडतात ती त्याआधीच्या चार-पाच कागदांत आणि एका मुदतीत.

आधी पात्रता. परदेशी कंपनीला तुमच्या धंद्यात भागभांडवल घ्यायचं असेल तर तुमची कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) हवी. प्रोप्रायटरशिप आणि साधी भागीदारी फर्म इथेच बाद होते. अनिवासी भारतीयाने पैसे परत बाहेर न नेण्याच्या अटीवर गुंतवले तर गोष्ट वेगळी, पण जर्मन किंवा जपानी कंपनीला ती वाट नाही. एलएलपीचा फॉर्म वेगळा असतो. इथे प्रायव्हेट लिमिटेडचंच बोलतो. उत्पादन क्षेत्रात १०० टक्क्यांपर्यंत ऑटोमॅटिक रूट आहे, म्हणजे आधी सरकारी परवानगी लागत नाही. संरक्षण उत्पादनात हीच मर्यादा ७४ टक्के. चाकण-भोसरीत सुटे भाग बनवणाऱ्या बहुतेकांचं काम इथवर सरळ असतं.

एक खड्डा मात्र इथेच आहे. केंद्र सरकारच्या एप्रिल २०२० च्या प्रेस नोट ३ पासून भारताला जमिनीची सीमा लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या पैशाला सरकारी मंजुरीची अट आली, आणि त्यात 'खरा लाभार्थी मालक' कोण हेही पाहिलं जातं. तुमचा भागीदार म्युनिकचा असेल, पण त्याच्या होल्डिंग कंपनीत चिनी मालक बसला असेल तर? बँक हे विचारतेच. भागीदाराकडून मालकीचा तक्ता लेखी मागवा, थेट शेवटच्या माणसापर्यंतचा. या नियमाचा तपशील बदलत असतो, म्हणून करार करण्याच्या आठवड्यात ताजी प्रेस नोट उघडून बघा. मंजुरी लागत असताना पैसे आधी येऊन बसले तर तेच उल्लंघन ठरतं.

आता मुदत, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. पैसे खात्यात आल्यापासून ६० दिवसांत शेअर वाटले पाहिजेत. वाटले त्या तारखेपासून ३० दिवसांत एफसी-जीपीआर. बरेच जण याची बेरीज करून "नव्वद दिवस आहेत की!" म्हणतात. नाहीत. वीस दिवसांत शेअर वाटलेत तर पन्नासाव्या दिवशी तुमची मुदत संपली.

उदाहरण घ्या. १० जानेवारीला पैसे जमा झाले. लीप वर्ष नसेल तर ११ मार्चपर्यंत वाटप व्हायला हवं. संचालक मंडळाने ५ मार्चला ठराव करून वाटप केलं. मग एफसी-जीपीआर ४ एप्रिलपर्यंत. आणि प्रायव्हेट प्लेसमेंट (ठरावीक लोकांनाच शेअर देणं) असेल तर कंपनी कायद्याचा पास-३, म्हणजे वाटप कळवायचा फॉर्म, १५ दिवसांत, म्हणजे २० मार्चपर्यंत. दोन वेगळ्या यंत्रणा, दोन मुदती. पास-३ दाखल होईपर्यंत ते पैसे वापरायचेही नसतात. हे कळतं तेव्हा निम्म्या लोकांनी त्यातून मशीनचा ॲडव्हान्स देऊन टाकलेला असतो.

साठ दिवस उलटले तर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत पाठवायचे. तेही चुकलं तर कंपनी कायद्यानुसार साठाव्या दिवसापासूनचं १२ टक्के व्याजही चढतं. इथे एक गैरसमज पक्का रुतलेला आहे: "लेट फी भरली की झालं." लेट फी ही फॉर्म उशिरा भरल्याची आहे. वाटपच उशिरा केलं असेल तर ती भरून भागत नाही, रिझर्व्ह बँकेकडे कंपाउंडिंगचा, म्हणजे चूक कबूल करून रक्कम भरून प्रकरण मिटवण्याचा, अर्ज करावा लागतो. फॉर्मच्या उशिराचं शुल्क तसं जीवघेणं नाही: ७,५०० रुपये, अधिक रकमेच्या ०.०२५ टक्के गुणिले उशिराची वर्षं. एक कोटीवर सहा महिने उशीर झाला तर पावणेनऊ हजारांच्या आसपास. ही सोय तीन वर्षांपर्यंतच, पुढे कंपाउंडिंग.

आणि इंटरनेटवरचे जुने नमुने उतरवून घेऊ नका. त्यांत पैसे आल्यावर ३० दिवसांत भरायचा ॲडव्हान्स रेमिटन्सचा फॉर्म असतो. तो २०१८ मध्येच, सगळ्या परदेशी गुंतवणुकीच्या फॉर्मांना एकत्र करणारा सिंगल मास्टर फॉर्म आला तेव्हा, गेला.

आता तो कागद, जो कुणाकडेच नसतो: पैसे पाठवणाऱ्याचा केवायसी अहवाल. तो तुमच्या भागीदाराने द्यायचा नसतो, त्याच्या बँकेने तुमच्या बँकेला द्यायचा असतो. तिकडच्या बँकेतल्या माणसाने असलं काही आयुष्यात पाहिलेलं नसतं. तो आधी दुर्लक्ष करतो, मग डेटा संरक्षणाचं कारण सांगतो, मग सुट्टीवर जातो. यात तीन आठवडे सहज जातात. म्हणून पैसे मागण्याआधी तुमच्या बँकेकडून केवायसीचा कोरा नमुना घ्या, भागीदाराला पाठवा आणि त्याच्या बँकेच्या नेमक्या माणसाचं नाव त्याच्याकडून मिळवा. नमुना आधी पोचलेला असला की तुमच्या बँकेने स्विफ्टवरून (बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश जाळ्यावरून) पाठवलेली विचारणा तिथे कुणाला तरी समजते.

दुसरा कागद एफआयआरसी, म्हणजे परदेशातून पैसे आल्याचा बँकेचा दाखला. त्यात तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. पाठवणाऱ्याचं नाव: करार कंपनीशी आणि पैसे तिच्या भगिनी कंपनीने पाठवले, असं झालं तर पाठवणारी आणि गुंतवणूकदार यांचं नातं सांगणारं पत्र आणि ना-हरकत लागते. कारण: परपज कोड गुंतवणुकीचा हवा. बँकेतल्या कुणी नेहमीच्या सवयीने 'निर्यात ॲडव्हान्स' टाकला, तर तो दुरुस्त करून घेण्यात पंधरा दिवस जातात, तेही साठातलेच. रक्कम: वाटेतल्या बँका आपलं शुल्क कापून घेतात, एक लाख युरो निघतात आणि पंचवीस कमी पोचतात. शेअरची किंमत मात्र लाखावर धरलेली असते. शुल्क पाठवणारा भरेल असं आधीच लिहून घ्या.

तिसरा कागद मूल्यांकनाचा. परदेशी माणसाला शेअर रास्त मूल्यापेक्षा कमी किमतीत देता येत नाहीत, म्हणून सीए, मर्चंट बँकर किंवा कॉस्ट अकाउंटंटचा दाखला लागतो. कंपनी कायद्याला मात्र नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल हवा असतो. एकाच शेअरची किंमत दोनदा काढायची, तीही दोन वेगळ्या माणसांकडून! यात शहाणपण काय, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. एकाच व्यक्तीकडे दोन्ही पात्रता असतील तर तिलाच गाठा, निदान आकडे तरी जुळतील.

रिझर्व्ह बँकेच्या पोर्टलवर आधी एंटिटी मास्टर, म्हणजे कंपनीची मूळ नोंद, अद्ययावत करायचं, मग बिझनेस यूजर (फॉर्म भरणाऱ्याचं लॉगिन), मग फॉर्म. एंटिटी यूजरचा ईमेल तीन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या अकाउंटंटचा निघतो, हे इतक्यांदा पाहिलंय की आता मी पहिला प्रश्न तोच विचारतो. बँकेचा आयएफएससीही फॉरेक्स शाखेचा टाका, तुमच्या गल्लीतल्या शाखेचा टाकलात तर फॉर्म भलतीकडेच जाईल. बाकी ठराव, कंपनी सेक्रेटरीचा दाखला आणि घोषणापत्र ही नेहमीची कामं. अर्ज नाकारला तर तो पुन्हा नव्याने भरावा लागतो.

आता तंत्रज्ञान कराराकडे, कारण गुंतवणुकीसोबत तो बहुधा येतोच. परदेशी कंपनीला तंत्रज्ञानासाठी रॉयल्टी द्यायला १६ डिसेंबर २००९ पासून सरकारी परवानगी लागत नाही. त्याआधी ऑटोमॅटिक रूटवर देशांतर्गत विक्रीच्या ५ टक्के, निर्यातीच्या ८ टक्के आणि एकरकमी २० लाख डॉलर अशी मर्यादा होती. ती मनात इतकी घट्ट बसलीय की आजही काही ठिकाणी "पाचच्या वर नाही चालणार" असं ऐकवतात. तसं ऐकवलं तर नियम लेखी मागा. तसाच तंत्रज्ञान आयातीवरचा ५ टक्क्यांचा आर अँड डी उपकर १ एप्रिल २०१७ पासून गेला, पण जुन्या करारांतून उचललेल्या मसुद्यांत तो अजून डोकावतो.

खरी गोची करात आहे. परदेशी कंपनीला दिलेल्या रॉयल्टीवरचा कर १ एप्रिल २०२३ पासून १० चा २० टक्के झाला, वर अधिभार आणि उपकर. जर्मनी आणि जपानशी भारताच्या असलेल्या दुहेरी कर टाळण्याच्या करारांत हा दर १० टक्के आहे, पण तो मिळवायला भागीदाराचं त्या वर्षाचं कर-निवास प्रमाणपत्र हवं. ते त्याच्या देशाचं कर खातं देतं, त्याच्या सवडीने. करारात 'सर्व कर वजा जाता निव्वळ रक्कम' असं वाक्य असेल तर फरक तुमच्या खिशातून जातो, आणि सही करताना ते वाक्य कुणी वाचलेलं नसतं. शिवाय १८ टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जने तुम्हीच भरायचा. करारावर सही परदेशात झाली असेल, तर तो महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक लावायला विसरू नका.

रोख कमी असेल तर थकलेल्या रॉयल्टीच्या बदल्यात शेअरही देता येतात. तेव्हा पैसे बाहेरून आलेलेच नसतात, त्यामुळे एफआयआरसीही नसतो. त्याऐवजी करार, बिल आणि कर भरल्याचा पुरावा जोडा, आणि बँकेला आधी फोन करून सांगा, नाहीतर "एफआयआरसी जोडा" असा शेरा मारून फॉर्म परत येतो.

शेअर एकदा दिले की दरवर्षी १५ जुलैपर्यंत रिझर्व्ह बँकेला एफएलए रिटर्न, म्हणजे परदेशी देणी आणि मालमत्ता यांचं विवरण, द्यायचं. त्या वर्षी नवा रुपया आला नसला तरी द्यायचं. "आमचं ऑडिट सप्टेंबरात होतं" हे कारण चालत नाही. तात्पुरते आकडे भरा आणि ऑडिट झाल्यावर ३० सप्टेंबरपर्यंत सुधारून टाका. फक्त रॉयल्टी देणाऱ्या, परदेशी शेअर नसलेल्या आणि परदेशात गुंतवणूक न केलेल्या कंपनीला ते लागत नाही.

भोसरीवाल्यांचं वाटप शेवटी अठ्ठावन्नाव्या दिवशी झालं. केवायसी त्यानंतर एकोणीस दिवसांनी आला.