पार्थेनॉनची दुरुस्ती एवढी का लांबली?

गेल्या चार दशकांत पार्थेनॉनच्या, म्हणजे ग्रीसमधल्या अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवरच्या प्राचीन मंदिराच्या, कोणत्या ना कोणत्या बाजूला परांची दिसणं अथेन्सकरांच्या अंगवळणी पडलं. याचं मूळ मंदिराच्या बांधणीतच आहे.

इ.स.पू. 480 मध्ये पर्शियन फौजांनी अक्रोपोलिस टेकडी जाळली, तेव्हा तिथे अथीना देवीचं एक संगमरवरी मंदिर अर्धवट उभं होतं. त्याचंच जोतं वापरून अथेन्सचा नेता पेरिक्लीसच्या काळात, इ.स.पू. 447 मध्ये, नवं काम सुरू झालं. इक्टिनस आणि कॅलिक्रेटिस हे स्थपती. शिल्पकामावर देखरेख फिडियसची. दगड सुमारे 16 किलोमीटरवरच्या पेंटेली डोंगरातला. मंदिर इ.स.पू. 438 मध्ये उभं राहिलं, शिल्पं 432 पर्यंत चालली.

समोरून 8 आणि बाजूने 17 डोरिक (साध्या ग्रीक शैलीचे) खांब, एवढं वर्णन पुस्तकात असतंच. खरी करामत मापांत आहे. जोतं सपाट नाही. लांब बाजूंवर ते मधोमध सुमारे 11 सेंटिमीटर उचललेलं आहे. खांब किंचित आत कललेले आणि पोटाशी जरा फुगीर. हे डोळ्यांना सुख म्हणून की पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून, यावर वाद आहेत. परिणाम मात्र स्पष्ट आहे: जवळपास प्रत्येक दगड एकाच जागेसाठी घडवलेला. चुना कुठेच नाही. दगड घासून एकमेकांना भिडवले, लोखंडी आकड्यांनी जखडले आणि आकड्यांभोवती वितळलेलं शिसं ओतलं. त्या शिशामुळे लोखंडाला पाणी लागत नसे.

पुढे मंदिराचं चर्च झालं, मग मशीद. 1687 मध्ये ऑटोमन तुर्कांनी आत साठवलेल्या तोफांच्या दारूवर व्हेनिसच्या फौजेचा तोफगोळा पडला आणि मधला भाग उडाला. 1801 पासून ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी बरीच शिल्पं उतरवून नेली.

त्यानंतरचं नुकसान मात्र भल्या हेतूने झालं. 1898 ते 1933 या काळात अभियंता निकोलाओस बालानोस यांनी पडलेले खांब उभे केले, पण लोखंड शिशाविनाच वापरलं. ते गंजून फुगलं आणि संगमरवर तडकला. शिवाय कित्येक दगड भलत्याच जागी बसले होते, जोडणीसाठी काहींच्या तुटलेल्या कडा तासून सपाट केल्या होत्या.

म्हणून 1975 साली नेमलेल्या समितीला आधी उकलावंच लागलं. एकेक दगड मोजून त्याची मूळ जागा शोधायची, उणा भाग पेंटेलीच्याच नव्या संगमरवराने भरायचा आणि जुन्याला छिन्नी न लावता नव्यालाच त्याच्या भंगलेल्या बाजूप्रमाणे घडवायचं. लोखंडाच्या जागी आता टायटॅनियम आहे. भूकंपात ताण आलाच तर दगडाआधी ते तुटावं, या हिशेबाने त्याची जाडी ठरवली जाते.