चोचीने अक्षांश दाखवणारा पक्षी

सतराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये घडवल्या गेलेल्या, खिशात मावणाऱ्या सूर्यघड्याळांचा एक प्रकार आज त्याच्या कर्त्याच्या नावाने, ‘बटरफील्ड’ म्हणूनच ओळखला जातो. मायकेल बटरफील्ड हा मूळचा इंग्रज. १६६३च्या सुमारास तो पॅरिसला आला आणि १७२४ मध्ये मृत्यू होईपर्यंत तिथेच राजघराण्यासाठी आणि इतर गिऱ्हाइकांसाठी गणिती उपकरणे बनवत राहिला. निकोला बियाँसारख्या इतर कारागिरांनीही हा घाट उचलला, त्यामुळे या नावाने ओळखले जाणारे प्रत्येक घड्याळ त्याच्याच हातचे असते असे नाही.

वस्तू लहानशीच आहे. चांदीची किंवा पितळेची अष्टकोनी अथवा लंबगोल तबकडी, लांबी साधारण सहा ते आठ सेंटीमीटर. तिच्यात काचेखाली बसवलेले होकायंत्र, उरलेल्या पृष्ठभागावर तासांच्या रेषा, आणि बिजागरीवर उभी राहणारी, मिटून सपाट होणारी त्रिकोणी पात, म्हणजेच शंकू. या पातीला लागून एक छोटा पक्षी असतो. तो नुसता शोभेचा वाटतो, पण त्याची चोच पातीवर कोरलेल्या अंशांपैकी ज्या अंशावर टेकते, तेवढ्या कोनात शंकूची कड उभी राहते. हा कोन आपल्या गावाच्या अक्षांशाएवढा ठेवला आणि शंकू उत्तरेकडे रोखला, की त्याची कड पृथ्वीच्या अक्षाला समांतर होते आणि सावली कोणत्याही ऋतूत त्या तासाच्या रेषेवरच पडते. कोणत्या शहरासाठी किती अंश धरायचे, याची यादी तबकडीच्या पाठीवर कोरलेली असते.

मात्र कोन बदलला म्हणून काम संपत नाही. सूर्य अक्षाभोवती तासाला पंधरा अंश फिरतो, पण सावली आडव्या पत्र्यावर पडत असल्याने रेषांमधील अंतरे सारखी राहत नाहीत. अक्षांशाच्या ‘साइन’ला सूर्याच्या तासकोनाच्या, म्हणजे मध्यान्हीपासून तो जितके अंश सरकला त्याच्या, ‘टॅन्जंट’ने गुणले की मध्यान्हरेषेपासून त्या तासरेषेच्या कोनाचा ‘टॅन्जंट’ मिळतो. दुपारी तीनची रेषा ४३ अंश अक्षांशावर मध्यान्हरेषेपासून सुमारे ३४ अंशांवर येते, ४९ अंशांवर, म्हणजे जवळपास पॅरिसला, ती ३७ अंशांवर जाते आणि ५२ अंशांवर ३८ अंश ओलांडते. म्हणून बटरफील्डच्या तबकडीवर तीन-चार अक्षांशांसाठी एकात एक अशा स्वतंत्र श्रेणी कोरलेल्या असतात, आणि नजरेचा गोंधळ होऊ नये म्हणून बहुधा एका श्रेणीला रोमन अंक तर शेजारच्या श्रेणीला साधे अंक दिलेले असतात.

या कोरीवकामातली अचूकता नीट मोजून पाहण्याजोगी आहे. केंद्रापासून अडीच सेंटीमीटरवर एक अंश म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी अंतर, आणि पॅरिसच्या अक्षांशावर मध्यान्हीच्या आसपास तेवढ्याने पाच मिनिटांचा फरक पडतो. कोरणी घसरली तर चांदीवरचा ओरखडा सहजासहजी पुसता येत नाही. दुसरीकडे, सूर्यबिंबाचीच रुंदी अर्धा अंश असल्याने सावलीची कड मुळातच दोनेक मिनिटांनी धूसर असते, तेव्हा याहून बारीक कोरण्यात अर्थही नव्हता. श्रेणी तीन-तीन अंशांच्या अंतराने असतील, तर दोन श्रेणींच्या मधल्या गावात दुपारी तीनला येणारी चूक फार तर तीन मिनिटांच्या आसपास राहते. (शंकू साधारण ४० ते ६० अंशांमध्येच फिरत असल्यामुळे अठरा-एकोणीस अंशांवरच्या पुण्या-मुंबईत हे घड्याळ सपाट ठेवून वापरता येत नाही, आणि तबकडी तीस अंशांनी कलती केली तर होकायंत्राची सुई अडते.)

माझ्या मते या उपकरणाचा कच्चा दुवा कारागिराच्या हातात नव्हता, तो होकायंत्रात होता. चुंबकसुई खऱ्या उत्तरेपासून काही कोनाने ढळलेली असते आणि हा कोन, म्हणजे दिक्पात, वर्षांगणिक बदलतो. योगायोग असा की बटरफील्ड पॅरिसला आला त्या सुमारास तिथे दिक्पात जवळजवळ शून्य होता. १७०० पर्यंत सुई आठ अंश पश्चिमेकडे ढळली आणि १८१४ च्या सुमारास बावीस अंशांच्या पुढे गेली. आठ अंशांची दुरुस्ती न करता घड्याळ सुईवर लावले, तर पॅरिसमध्ये मध्यान्हीची वेळ उन्हाळ्यात पाव तासाने आणि हिवाळ्यात अर्ध्या तासाहून थोडी जास्त चुकते. तीन मिनिटांसाठी निगुतीने कोरलेल्या रेषा अशा वेळी व्यर्थ जात. बटरफील्डला चुंबकाचे मर्म माहीत नव्हते असे म्हणता येणार नाही. १६९८ मध्ये मार्टिन लिस्टर हा इंग्रज वैद्य त्याच्या घरी गेला, तेव्हा बटरफील्डने त्याला लोहचुंबकी दगडांचा मोठा मौल्यवान संग्रह दाखवला होता. होकायंत्राच्या तळावर दिक्पाताची खूण कोरण्याचा उपाय त्या काळच्या कारागिरांना ठाऊक होता, पण धातूवरची खूण जागची हलत नाही आणि सुई हलत राहते. अशी खूण असेल, तर ती आज घड्याळाचे वय ठरवायला उपयोगी पडते.

तरीही ही घड्याळे खपत राहिली, कारण १६७५ मध्ये डच शास्त्रज्ञ हायगेन्सने केसासारख्या स्प्रिंगची रचना पुढे आणल्यानंतरही खिशातली यांत्रिक घड्याळे रोज थोडीफार मागेपुढे होत आणि त्यांना लावून घेण्यासाठी सूर्यच लागे. पॅरिसची सार्वजनिक घड्याळेदेखील १८१६ पर्यंत सूर्याच्या प्रत्यक्ष वेळेवरच चालत. आजचे घड्याळ समोर ठेवून तुलना करणाऱ्याने मात्र सूर्याच्या चालीतला फरक वजा करायला हवा; तो नोव्हेंबरच्या सुरुवातीला सोळा मिनिटांपर्यंत जातो. शिवाय प्रमाणवेळेचा हिशेब वेगळा.

जुन्या वस्तूंच्या बाजारात अशा सूर्यघड्याळांच्या शोभेच्या प्रतिकृतीही असतात. पक्षी, नक्षी आणि सही हे सगळे हुबेहूब उतरवता येते. रेषांमागचे गणित मात्र नक्कल करणारा बऱ्याचदा विसरतो. ४९ अंशांच्या श्रेणीत शंकूच्या पायथ्यापासून तीनच्या रेषेचा कोन कोनमापकाने मोजावा. तो ३७ अंशांच्या जवळपासही नसेल, तर तबकडीवरची सही कोणाचीही असो, ते घड्याळ सूर्यासाठी बनवलेले नाही.